तुझ्या झाडाची लिंबं

बिबवेवाडी, पुणे
कोजागिरीनंतरचा गुरुवार

प्रिय अख्तर,

पत्र बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, तुझं घर जागेवर आहे आणि गल्लीत कोणी गेलेलं नाही. हल्ली पाकीट आलं की एक तर बँकेचं असतं नाहीतर कसल्या तरी शोकसभेचं, म्हणून आधीच सांगून टाकलं. रोज संध्याकाळी फोन होतोच, मग ही बया चक्क पानंच्या पानं का खरडतेय, असं तू चष्मा पुसत म्हणशील. तर अख्तर, मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. समोरच्याला आपण दिसत नसताना आवाज गोड कसा ठेवायचा, हे आम्हाला पगार देऊन शिकवलं होतं. फोनवर मी काहीही बोलू शकते. कागदावर मला तसं जमत नाही, खोडाखोड दिसते. म्हणून कागद.

तुझ्या लेकाने, फैझलने, घरासाठी आणलेलं गिऱ्हाईक दिवाळी झाली की कागदपत्रं घेऊन बंगलोरला येणार, आणि तू अजून हो म्हटलेलं नाहीस, नाहीही म्हटलेलं नाहीस, एवढं मला कळलंय. तू जाताना दोन महिने म्हणाली होतीस. मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग थोडा आराम, थोडी नातीबरोबर, अफशीनबरोबर मजा, आणि परत. आता तेरावा महिना लागलाय. फाटकावरची तुझ्या मैनुद्दीनभाईंच्या नावाची पाटी मी दर शुक्रवारी पुसते. बंद घर दिसलं की एजंट लोकांना वास लागतो. महिन्याला दोन तरी येऊन विचारतात, विकायचंय का. त्यांना मी सांगते, मालकीणबाई आत झोपल्यात. परवा एक दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, काकू, गेल्या वेळीही झोपल्याच होत्या. मी म्हटलं, त्यांना झोप फार प्रिय आहे.

आधी अंगणाची खबर देते. तू गेलीस तेव्हा नवरात्र संपत आलं होतं आणि पावसाळ्यात माजलेलं गवत कमरेला लागत होतं. मी माळी लावला. कोपऱ्यावरच्या सोसायटीतला, तोच तो, कानात बोंडं घालून गाणी ऐकणारा. त्याला सांगितलं गवत काढ, तर त्याने गवताबरोबर तुझी गुलबक्षी साफ केली, हळदीची रांग उपटली आणि कढीपत्त्याची अशी हजामत केली की तीन महिने फोडणीसाठी मला कढीपत्ता विकत आणावा लागला. त्याला चहा दिला आणि पुन्हा येऊ नकोस म्हणून सांगितलं. तेव्हापासून मीच करते. सकाळी आधी तुझं अंगण, मग माझं. माझं आधी केलं आणि दमले तर तुझं राहून जाईल, अशी मला भीती वाटायची.

थंडीत पेरू बरे आले. वरचे पोपटांनी खाल्ले, खालचे मी. डिसेंबरबद्दल नंतर लिहिते. होळीच्या सुमाराला पानगळ सुरू झाली तेव्हा मात्र मी रडकुंडीला आले. सकाळी झाडावं आणि दुपारी बघावं तर कुणी झाडलंच नाही असं अंगण. कचरा न्यायला येतात त्या ताईंनी स्पष्ट सांगितलं, आजी, घरातला कचरा नेऊ, झाडांचा तुमचा तुम्ही बघा. मग तुमच्या मागच्या मोरीपाशी ते निळं पिंप पडलं होतं ना, त्याला भोकं पाडून घेतली आणि पाला, माती, आंबट ताक असे थर देत गेले. दोन महिने असा वास सुटला होता की समोरच्या बंगल्यातले गृहस्थ येऊन विचारून गेले, तुमच्याकडे उंदीर वगैरे मेलाय का. मी म्हटलं, आमच्याकडे नाही, तुमच्याकडे बघा. जूनमध्ये पिंप उपडं केलं तर चहाच्या भुकटीसारखं काळं, मोकळं खत. शाळेत कधी पहिली आले नाही, ती सत्तराव्या वर्षी आल्यासारखं वाटलं.

उन्हाळ्यात पाणी एकवेळच येत होतं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी बादलीत साठवून दोन्ही अंगणांत फिरवलं. तुझ्या सोनचाफ्याने एक पान टाकलं नाही. गुडघ्याने जरा कुरकुर केली. डॉक्टर म्हणाले चालत राहा. त्यांना काय माहीत मी दोन घरांचं चालतेय. पावसाळ्यात गोगलगायी आल्या, अळूची पानं चाळणीसारखी करून ठेवली. आमची शेफाली बाणेरहून रविवारी येते, तिने मिठाचा पुडाच आणला आणि म्हणाली, टाक ह्यांच्यावर. मला ते बघवेना. एकेक चिमट्याने उचलून डब्यात भरली आणि पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर सोडून आले. शेफाली म्हणाली, आई, त्या उद्या परत येतील. येऊ देत म्हटलं, मलाही काही उद्योग हवा. लेकीचं म्हणणं असं, की दोन्ही अंगणांत फरशी टाकून घ्या, प्रश्नच मिटला. तिला मी जेवायला वाढलं आणि विषय बदलला. आता पारिजातक जोरात आहे. अर्धी फुलं भिंत ओलांडून माझ्याकडे पडतात हे तुला ठाऊकच आहे. सकाळी वेचायला बसते तेव्हा पलीकडून तुझ्या खराट्याचा आवाज येईल असं अजूनही वाटतं, आणि मग मी थोडा वेळ वेचायची थांबते.

हे सगळं वाचून तुला वाटेल, मी केलेलं बोलून दाखवतेय. उलट आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या आजारपणात मी पाच महिने दवाखान्यात काढले. घरी यायचे ती आंघोळीपुरती, रिक्षा बाहेर उभी ठेवून. अंगणाकडे बघायचं भान कुणाला होतं. शेवटी एकटीच परत आले. दिवस उलटले, माणसं पांगली, आणि एका सकाळी दार उघडून बाहेर बसले तेव्हा मला पहिल्यांदा अंगण दिसलं. झाडलेलं, सडा घातलेला, जास्वंदीची वाळकी लाकडं काढलेली, गुलाबाच्या कुंड्या उन्हातून सावलीत सरकवलेल्या. पाच महिने तू रोज हे करत होतीस आणि मला एका शब्दाने बोलली नव्हतीस. तुळशीला तू इतकं पाणी पाजलं होतंस की ती कुजायच्या बेतात होती, ती गोष्ट वेगळी. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराचं अंगण इतकं नीटनेटकं असू शकतं हे बघून मला रडू फुटलं. ते ह्यांच्यासाठी नव्हतं, अख्तर. ह्यांच्यासाठी रडायला पुढे वर्षं पडली होती. ते तुझ्यासाठी होतं, कुणीतरी माझं एवढं करून ठेवलंय म्हणून. तेव्हा तुझे आभार मानायचे राहून गेले. आपल्या दोन घरांत आभार मानायची पद्धतच नव्हती, आलेला डबा रिकामा परत करायचा नाही एवढीच काय ती पद्धत. पण मला तेव्हा बोलायला हवं होतं. आज बोलते. तू होतीस म्हणून मी त्या वर्षातून बाहेर आले.

आता लिंबाकडे येते. यावंच लागणार आहे.

आपली घरं उभी राहिली त्याच्या दुसऱ्या वर्षी मैनुद्दीनभाईंनी ते रोप आणलं. बुधवार पेठेतलं बाइंडिंगचं दुकान एक दिवस बंद ठेवून ते लोणी काळभोरला त्यांच्या ओळखीच्या गेनबा बागाईतदारांच्या बागेत गेले होते. दुकान बंद म्हणून त्या दिवशी तू घरीच पुस्तकांचे छापील फर्मे दुमडत बसली होतीस आणि ते ओल्या पोत्यात गुंडाळलेलं वीतभर रोप तान्ह्या पोरासारखं धरून आले, हे तूच मला कितीदा सांगितलंयस. रोपाबरोबर गेनबांनी ताकीद दिली होती. झाड मोठं झालं की दर डिसेंबरात त्याचं पाणी तोडायचं. महिनाभर थेंब द्यायचा नाही. पानं पिवळी पडतील, अर्धी गळतील, बघणाऱ्याला वाटेल गेलं आता. मग संक्रांत झाली की बुंध्याभोवतीची माती उकरायची, खत घालायचं आणि पाणी सोडायचं, की ते फुलांनी भरून जातं. बागाईतदार ह्याला ताण देणं म्हणतात. तुम्हाला दोघांना हे माहीत होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि कशाला सांगावं, झाड तुमचं होतं.

मी तेव्हा पहाटे पाचला नळ आला की उठायचे, पाणी भरायचे आणि सहाच्या पाळीला पळायचे. झाड भिंतीला लागून, माझ्या नळापासून चार हातांवर. ते फळायच्या वयाला आलं आणि पहिल्याच डिसेंबरात मी बघते तर पानं मलूल. मनात म्हटलं, काय माणसं आहेत, हौसेने झाड लावलं आणि विसरून गेली. तुझ्यामाझ्यात तेव्हा एवढी घसट नव्हती. सांगायला यावं तर वाटायचं, म्हणतील शेजारीण नाक खुपसतेय. म्हणून मी आपली गुपचूप भिंतीवरून बादलीभर पाणी ओतायचे. रोज. पुण्य लागतंय अशा समजुतीत. पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही.

तीन वर्षं झाडाला धड बहार नाही. मैनुद्दीनभाई फार खट्टू झाले होते. दुकानातून येऊन पुस्तकाची शिवण तपासावी तशी एकेक फांदी तपासायचे. तू मला सांगायचीस, हे म्हणतात माझ्या हाताला गुणच नाही. आणि मी, अख्तर, तुझ्यासमोर बसून, तुझा शिरखुर्मा खाऊन हळहळायचे. एकदा तर मीच सुचवलं होतं, की पाणी कमी पडत असेल. आठवलं की अजून कान गरम होतात.

चौथ्या डिसेंबरात त्यांनी गेनबांना बोलावून आणलं. तू बहिणीकडे गेली होतीस. मी भिंतीच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते. गेनबा वाकले, बुंध्याशी बोटं रुतवली, चिमूटभर माती चोळून नाकाशी नेली आणि म्हणाले, "मैनुभाई, ह्याला कुनीतरी पानी पाजतंय. तांब्या न्हाय, बादली." माझी लाल बादली भिंतीवर पालथी घातलेली, कडेवरून अजून थेंब गळत होते. गेनबांनी बादलीकडे बघितलं. मग मैनुद्दीनभाईंनी बघितलं. मी हातातला ओला टॉवेल तोंडापुढे धरून उभी. गेनबा चहा पिऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मैनुद्दीनभाई आमच्या फाटकाशी आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. माफी कशी मागायची ह्याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. ते म्हणाले, "वहिनी, महिनाभर ह्या झाडाला पाणी मिळता कामा नये. मी दिवसभर दुकानात असतो. तुमचं लक्ष असतं इकडे, तर तेवढी राखण कराल का?"

झालं, एवढंच बोलले आणि गेले. नोकरीत मी पुष्कळ साहेब बघितले. चूक सापडली की चार लोकांत वाचून दाखवणारे, मेमो देणारे. माझी लाज इतक्या हळूच झाकणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. आणि मग राखण केली, अगदी इमानेइतबारे. फेब्रुवारीत झाड असं फुललं की पाळीवरून यायचे तर गल्लीच्या तोंडाशी वास यायचा. पावसाळ्यात पहिली चाळीस लिंबं त्यांनी आमच्याकडे धाडली, राखणदाराचा वाटा म्हणून. त्यानंतर वीस वर्षं, डिसेंबर लागला की ते एकदा भिंतीशी येऊन सांगायचे, वहिनी, उद्यापासून तुमची ड्यूटी. मला वाटतं त्यांनी हे तुलाही सांगितलं नसावं. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. त्यांचेही आभार मानायचे राहिले, आणि आता ते तुझ्यापाशीच मानावे लागतायत.

गेल्या वर्षी माघात ते गेले. नवरात्राच्या शेवटी तू बंगलोरला गेलीस. डिसेंबर लागला आणि भिंतीशी कुणी आलं नाही. काय करायचं ते मला पुरतं ठाऊक होतं. पाणी तोडलं. आठवड्याने पानं मलूल झाली, पंधराएक दिवसांनी गळायला लागली, आणि माझा धीर सुटला. ज्या वर्षी माणूस गेला त्याच वर्षी त्याचं झाड आपल्या हाताने सुकवायचं, हे माझ्याच्याने होईना. मन म्हणायचं, समज वेणू, संक्रांतीला तू पाणी सोडलंस आणि झाड परत फुटलंच नाही तर? अख्तरला काय सांगशील? एका सकाळी बादली भरली आणि ओतली. दुसऱ्या दिवशीही ओतली. सत्तर वर्षांची बाई, सगळं कळत असून, पुन्हा तीच चूक. पहिल्या खेपेला निदान अज्ञान तरी होतं.

फेब्रुवारीत तू फोनवर विचारलंस, फुलं आली का. मी खात्यातला आवाज लावला आणि म्हटलं, लगडलंय. का म्हटलं? तुझा आवाज त्या दिवशी फार बारीक येत होता. म्हटलं एवढं ऐकून बरं वाटेल बिचारीला. मग दर आठवड्याला तू विचारायचीस आणि मी फुलाचं फळ करत होते, फळ वाढवत होते. जुलैत तू म्हणालीस, थोडी लिंबं पाठव, इथल्या लिंबांना चव नाही. झाडावर होती सात. चुकार, वेडीवाकडी. मी रिक्षा करून मार्केट यार्डात गेले. पातळ सालीची, लहानमोठी, मुद्दाम दोन-चार डागाळलेली अशी पाच किलो निवडली. विकणारा म्हणाला, आजी, चांगली सोडून डागाळलेली काय घेताय? मी म्हटलं, घरची दिसायला हवीत. घरी आणून धुतली, पुसली, तुझ्या झाडाच्या डहाळ्या तोडून पानांसकट वर रचल्या आणि खोकं पाठवून दिलं. अख्तर, त्या खोक्यातली सात लिंबं तुझ्या झाडाची होती. बाकी सगळी बाजारची.

तू त्यांचं लोणचं घातलंस. अफशीनला भरवलंस, हे तिच्या आजोबांच्या झाडाचं म्हणून. वरच्या मजल्यावरच्या तुझ्या त्या कन्नड मैत्रिणीला बरणी दिलीस. आणि मला फोन करून रडलीस, म्हणालीस, साल हातात घेतली आणि ते खोलीत आल्यासारखं वाटलं. मी इकडे स्टुलावर बसून ऐकत होते. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, जपून खा, मीठ फार असतं लोणच्यात.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. गेल्या रविवारी फैझलचा फोन आला. त्याच्यावर रागावू नकोस, पोरगा सरळ आहे, तू जवळ असावीस एवढंच त्याचं म्हणणं आहे. तो म्हणाला, अम्मी सहीला हातच लावत नाही. म्हणते अब्बांचं झाड अजून देतंय, ते देतंय तोवर मी घर कसं विकू, आणि वेणू सांभाळतेय ना तिकडे. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही तिला एवढंच लिहा, की तुम्हाला आता झेपत नाही. दुसऱ्या कुणाचं ती ऐकायची नाही." मी बरं म्हटलं. हा कागद घेतला तो तीच दोन वाक्यं लिहायला. लिहिली, वाचली आणि फाडून टाकली. कारण मला झेपतं. गुडघा दुखला तरी झेपतं आणि आवडतं. एक खोटं निस्तरायला दुसरं कशाला, म्हणून खरं होतं ते लिहिलं. बाजारची लिंबं मी तुझं मन राखायला पाठवली असं मी स्वतःला सांगत होते, पण तेवढंच नव्हतं. झाड देतंय म्हटलं की तू कधीतरी परत येशील, हे माझ्या पोटात होतं. तू घर धरून बसलीस ते माझ्या थापेच्या जोरावर, आणि तशी सही तू टाळावीस हे मला नको आहे. तेव्हा आता माझ्या लिंबांना बाजूला ठेवून ठरव. तिकडे जीव रमला असेल, अफशीनला बसपर्यंत सोडायला जाणं, खालच्या बागेतल्या तुझ्या फेऱ्या हे आवडत असेल, तर बिनधास्त सही कर, माझ्या तोंडाकडे बघू नकोस. आणि इकडे यावंसं वाटत असेल तर ये, झाडासाठी नको, अंगणासाठी नको, माझ्यासाठी आलीस तर मात्र मला फार आवडेल. मला तू हवी आहेस, अख्तर. इतकी वर्षं चार हातांवर होतीस, कधी म्हणावं लागलं नाही. तू काहीही ठरवलंस तरी माझं तुझ्याबद्दलचं मन बदलायचं नाही. राग आला असेल तर चार दिवस फोन उचलू नकोस, मी समजून घेईन. पाचव्या दिवशी मात्र उचल.

भिंतीच्या ह्या बाजूची, तुझीच,
वेणू